नाव न सांगता विचारलेले प्रश्न

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

महाराष्ट्रात आष्ट्या बऱ्याच आहेत. १८१८ साली बापू गोखले जिथे पडले ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातली. बेचाळीसच्या चळवळीत गाजली ती वर्धा जिल्ह्यातली. माझी आष्टी बीड जिल्ह्यातली, नगरच्या हद्दीला खेटून असलेली. इतिहासाच्या पुस्तकात तिचं नाव फारसं येत नाही. तरी आज जो इतिहास मी सांगणार आहे त्यात तिलाही जागा आहे. कारण तो ज्या माणसांचा आहे ती प्रत्येक गावात असतात, आणि प्रत्येक गाव म्हणतं की आमच्यात तसलं कोणी नाही.

मी त्या माणसांपैकी एक आहे. मी समलिंगी आहे. वयाची पन्नाशी उलटली आहे. पुण्यात नोकरी केली, सणासुदीला आणि शेतीच्या कामाला गावी येत राहिलो. घरच्यांना हे ठाऊक आहे. गावाला ठाऊक असलं तरी गाव तसं बोलून दाखवत नाही.

मागच्या एका दिवाळीत ओसरीवर बसल्या बसल्या मी मोबाइलवरचं एक अ‍ॅप उघडलं. पुरुषांना पुरुष भेटावेत म्हणून निघालेलं हे अ‍ॅप. त्यात जवळचा माणूस आधी दिसतो आणि किती अंतरावर आहे तेही दिसतं. पुण्यात उघडलं की पहिले वीस-पंचवीस चेहरे एका किलोमीटरच्या आत असतात. आष्टीत पहिला चौकोन तीन किलोमीटरवरचा, दुसरा थेट जामखेडकडचा, आणि मग नगरच. तीन किलोमीटरवरच्या चौकोनात चेहरा नव्हता. ज्वारीच्या हिरव्या रानाचा फोटो होता. दोन दिवस इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर त्या रानातून प्रश्न आला, ‘सर, एक विचारू का? चेष्टा करू नका.’

प्रश्न असा होता. दोन महिन्यांपूर्वी नगरला तो कुणाला तरी भेटला होता. नंतर एक फोड आला. दुखत नव्हता, पंधरा-वीस दिवसांत आपोआप गेला. आता काही नाही. तर आता काही करायला नको ना?

हा प्रश्न मी ओळखत होतो. १९९६ साली तोच प्रश्न मलाही पडला होता आणि विचारायला माणूस नव्हता. पण त्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण हा प्रश्न मराठीत विचारण्याची जागा एके काळी होती.

प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. संततिनियमनाचं केंद्र त्यांनी १९२१ पासूनच मुंबईत चालवलं होतं. मासिकात वाचकांचे प्रश्न आणि त्यांना उत्तरं असत. आज ही गोष्ट साधी वाटेल. पण त्या काळी लग्न झालेल्या माणसालाही आपल्या शरीराबद्दल विचारायचं तर वैदू किंवा मित्र, आणि दोघांचंही ज्ञान यथातथाच. अशा वेळी पोस्टकार्डावर प्रश्न लिहायचा, नाव छापू नका म्हणायचं आणि पुढच्या अंकाची वाट पाहायची. गणिताच्या प्राध्यापकाकडून गणिताइतकंच कोरडं, सरळ उत्तर मिळायचं. प्रश्नात पाप आहे की नाही याची चर्चा नाही.

१९३४ साली कर्व्यांवर खटला झाला तो या उत्तरांवरूनच. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना दिलेली उत्तरं अश्लील ठरवली गेली. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. लैंगिक विषयावरचं सगळंच लिखाण अश्लील नसतं, आणि वाचकाला शंका असेल तर जाणकाराने उत्तर देण्यात गैर काय, असा त्यांचा मुद्दा होता. खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र ते वारेपर्यंत, १९५३ पर्यंत चालू राहिलं. बाबासाहेबांचे इतके खटले आपण सांगतो, त्यात हा फार कमी वेळा ऐकू येतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

कर्व्यांनंतर ती जागा रिकामी राहिली. ती भरली एसटी स्टँडच्या भिंतींनी. चुन्यावर निळ्या अक्षरांत ‘गुप्तरोग’, ‘स्वप्नदोष’, खाली लॉजचं नाव आणि वार. माझ्या पिढीचं लैंगिक शिक्षण त्या भिंतींनीच केलं.

पुरुषांनी पुरुषांना भेटण्याच्या जागा मात्र कधीच बंद नव्हत्या. मोठ्या शहरात बागा, रेल्वे स्टेशनांचे कोपरे. गावात जत्रा, तमाशाचा फड, रात्रीच्या पाळीचं रान. तिथे माणसं भेटत, पण तिथे बोलणं होत नसे. १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केलं तेव्हा पहिल्यांदा भेटणं आणि बोलणं एकाच कागदावर आलं. पुढच्या पानांत एड्सची माहिती, मागच्या पानांत मैत्रीच्या छोट्या जाहिराती. मी तो अंक विसाव्या वर्षी मुंबईत पाहिला. वर्तमानपत्रात गुंडाळून पुण्याला आणला आणि वसतिगृहातल्या ट्रंकेच्या तळाशी, भूगोलाच्या नकाशाखाली ठेवला.

पत्रमैत्री करायची तर पत्ता द्यावा लागे. वसतिगृहाचा पत्ता देणं शक्य नव्हतं. गावचा तर नाहीच, कारण आमचा पोस्टमन पत्र हातात देताना आधी मजकूर सांगायचा. मी एका मित्राच्या खोलीचा पत्ता वापरला. समोरच्यानेही असाच एका दुकानाचा पत्ता दिला होता. दोघांचीही नावं खोटी होती. चार पत्रांनंतर आम्ही भेटलो, तीन-चार वेळा भेटलो, आणि मग तो फोड आला.

माझाही दुखत नव्हता. माझाही आपोआप गेला. पुढे अंगावर पुरळ उठलं तेव्हा मी एका डॉक्टरकडे गेलो. त्यांनी रक्त तपासायला लावलं, रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, ‘कोणत्या बाईकडे गेला होतास?’ मी क्षणभर गप्प बसलो आणि म्हणालो, ‘बुधवार पेठेत.’ मी बुधवार पेठेत पुस्तकं घ्यायलाच जात असे. डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, चार उपदेश केले. गरमी बरी झाली. आपल्याकडे जिला गरमी म्हणतात ती उपदंश, इंग्रजीत सिफिलिस. तिचा पहिला फोड दुखत नाही आणि स्वतःहून जातो, हीच तिची लबाडी. आजार जात नाही, आत शिरतो.

त्या एका खोट्यात किती गोष्टी बुडाल्या पाहा. डॉक्टरांनी मला जो सल्ला दिला तो बायकांकडे जाणाऱ्या पुरुषासाठीचा होता, माझ्या उपयोगाचा नव्हता. एचआयव्हीची तपासणी करायला हवी असं त्यांना सुचलं नाही, की मी नीट सांगितलं असतं तर सुचलं असतं, कोण जाणे. आणि ज्याच्याकडून मला हा आजार आला त्याला कळवायला मी दुकानात गेलो तेव्हा तो नोकरी सोडून गेला होता. मी खरं नाव घेऊन चौकशी करू शकलो नाही, कारण ते मला माहीतच नव्हतं. त्याला बायको असणार असं मला तेव्हाही वाटत होतं.

तो काळ एड्सच्या भीतीचा होता. भारतातले पहिले एचआयव्हीबाधित १९८६ मध्ये मद्रासला डॉ. सुनीती सोलोमन यांच्या पथकाला आढळले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, १९९२ मध्ये आली. अशोक राव कवींनी १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट काढला. त्यांचं केंद्र सांताक्रूझजवळ वाकोल्यात, मुंबई महापालिकेच्या इमारतीत उभं राहिलं. ज्या नात्याला कायदा गुन्हा म्हणत होता, त्याच नात्यातल्या माणसांच्या आरोग्यासाठी पालिकेने जागा दिली. आपल्या देशात असे विरोधाभास माणसं जगवतात.

पण सगळीकडे असं नव्हतं. दंडविधानाचं कलम ३७७ इंग्रजांनी १८६० साली लिहिलेलं. तिहार तुरुंगात कैद्यांना निरोध द्यावेत की नाही यावरून १९९४ मध्ये वाद पेटला. निरोध दिले तर गुन्ह्याला उत्तेजन दिल्यासारखं होईल, असं उत्तर मिळालं, आणि त्यावरून दिल्लीच्या एका संघटनेने हायकोर्टात अर्ज केला. जुलै २००१ मध्ये लखनौत आरोग्याचं काम करणाऱ्या चौघांना पोलिसांनी पकडलं. त्यांच्याकडचं एड्सच्या माहितीचं साहित्य अश्लील ठरवलं गेलं आणि ते ४७ दिवस तुरुंगात राहिले. कर्व्यांच्या खटल्याला तेव्हा सदुसष्ट वर्षं झाली होती.

त्याच वर्षी नाझ फाउंडेशनने दिल्ली हायकोर्टात याचिका केली. ही मुळात एचआयव्हीवर काम करणारी संस्था, आणि तिचं म्हणणं साधं होतं. हे कलम असेपर्यंत माणसं लपून राहणार, आणि लपलेल्या माणसापर्यंत आम्ही पोचणार कसे? २००६ मध्ये खुद्द नॅकोने कोर्टात प्रतिज्ञापत्र देऊन हेच सांगितलं. देशात पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष २५ लाखांच्या घरात असावेत आणि कायद्याच्या भीतीने ते आरोग्यसेवेपासून दूर राहतात, असं सरकारचंच एक अंग म्हणत होतं. गृहखातं त्याच कोर्टात कलम हवंच म्हणत होतं.

कोर्टात हे चालू असताना माणसं भिंत ओलांडून दुसरीकडेच गेली होती. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. १९९८ मध्ये ‘गे बॉम्बे’ हे संकेतस्थळ निघालं. पुण्यात गल्लोगल्ली सायबर कॅफे आले, फळ्यांचे आडोसे केलेले, ताशी पैसे घेणारे. याहूच्या चॅटखोलीत शिरलं की पहिला प्रश्न ‘एएसएल’, म्हणजे वय, लिंग, ठिकाण. मी एकदा हौसेने आष्टी लिहिलं. पलीकडून आलं, ‘सांगलीचं आष्टा का?’ मी हो म्हणून टाकलं. खोटं नाव तर होतंच, आता गावही खोटं झालं.

माझ्या दुकानाच्या पत्त्याची गोष्ट आठवावी असा एक प्रसंग याच सुमारास पार अमेरिकेत घडला. १९९९ च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या आरोग्य खात्याकडे उपदंशाचे रुग्ण येऊ लागले. चौकशीत दिसलं की ते सगळे एकाच चॅटखोलीत जोडीदार शोधत होते. एकूण सात रुग्ण. ते कुणाकुणाला भेटले होते हे त्यांना सांगता येत होतं, पण टोपणनावांनी. खात्याने कंपनीकडे खरी नावं मागितली. ग्राहकांचं खासगीपण सांभाळायचं म्हणून कंपनीने दिली नाहीत. मग खात्याने समलिंगींच्याच एका संकेतस्थळाची मदत घेतली आणि त्या चॅटखोलीत जाऊन सावधगिरीचे निरोप ठेवले, तपासून घ्या, उपचार आहे. इंटरनेटवरच्या भेटींतून साथ पसरल्याची नीट नोंद झाली ती ही. मला तीत दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. नाव न विचारताही निरोप पोचवता येतो, फक्त तो पोचवायला कुणीतरी त्या खोलीत जावं लागतं, आणि त्याला तिथे जायची लाज वाटता कामा नये.

आपल्याकडे हे काम काही माणसांनी केलं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि समलिंगी, उभयलिंगी म्हणजे काय हे मराठीतून लिहिलं. त्यांची पुस्तकं वाचली तेव्हा मी तिशीत होतो. स्वतःबद्दलचा विचार तोवर मी अर्धा इंग्रजीत करायचो, आणि आईशी बोलायची भाषा मराठी. मराठीतले शब्द हाती आल्यावरच मला घरी सांगता आलं. पहिली एचआयव्ही तपासणीही मी त्यानंतर केली. संसर्ग नव्हता. १९९६ नंतर ती करायला मला दहा वर्षं लागली.

पुढचं आपल्याला माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. २ जुलै २००९ ला दिल्ली हायकोर्टाने संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांनी पुन्हा सरळ केला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते कलमच नाही. मोबाइलवर अंतर दाखवणारं पहिलं नावाजलेलं अ‍ॅप, ग्राइंडर, अमेरिकेत निघालं तेही २००९ मध्येच. पण आष्टीसारख्या गावात खरा फरक पडला तो २०१६ नंतर, डेटा स्वस्त झाला तेव्हा. आता सायबर कॅफे नको, पत्ता नको. बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार सहा महिने कारखान्याच्या फडावर असतो, त्याच्याही खिशात तो फोन असतो.

या फोनने धोके आणले. खोट्या चेहऱ्याने बोलवायचं, मारहाण करायची, व्हिडिओची धमकी देऊन पैसे उकळायचे, असे प्रकार अनेक शहरांत पोलिसांपर्यंत गेले आहेत. गावात तर धमकीला व्हिडिओही लागत नाही, ‘तुझ्या बापाला सांगतो’ एवढं पुरतं. पण फोन नव्हता तेव्हा आम्ही सुरक्षित होतो असं कुणी म्हणू नये. माझा फोड पोस्टाच्या तिकिटाने आला होता.

आकड्यात बोलायचं तर २०१७ च्या सरकारी पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत एचआयव्हीचं प्रमाण २.६९ टक्के होतं. त्याच वर्षी देशातल्या एकूण प्रौढांतलं प्रमाण ०.२२ टक्के, म्हणजे बारा पट फरक. आणि हे प्रमाण मोजलं जातं ते स्वयंसेवी संस्थांच्या यादीत असलेल्यांतून. बागेत, स्टँडवर भेटणारा माणूस कार्यकर्त्याला दिसतो. फोनवर भेटणारा दिसत नाही. नॅकोलाही हे कळलं आहे. २०२१ नंतरच्या टप्प्यात ऑनलाइन भेटणाऱ्यांचा वेगळा विचार झाला आणि ‘संपूर्ण सुरक्षा केंद्र’ नावाची केंद्रं निघाली.

औषधं तर आपल्या स्वप्नातही नव्हती इतकी पुढे गेली. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एचआयव्हीचे उपचार मोफत आहेत. २०१९ मध्ये युरोपातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ७८२ समलिंगी जोडपी, एकाला संसर्ग, दुसऱ्याला नाही. बाधित जोडीदार नियमित औषधं घेत होता आणि रक्तात विषाणू मोजता येत नव्हता. अशा जोडीदाराकडून दुसऱ्याला लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. धोक्याचा संबंध आला तर ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घेता येतं. आधीपासून रोज घेण्याची प्रतिबंधक गोळीही आहे. २०१७ चा कायदा तपासणीसाठी संमती आणि गुप्तता बंधनकारक करतो. १०९७ हा फोन क्रमांक फुकट आहे.

हे सगळं असून आमचा ज्वारीच्या रानातला मुलगा दोन महिने गप्प होता. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते हे त्याला माहीत होतं. ‘तिथं नको,’ तो म्हणाला, ‘मामाचा मित्र बसतो केसपेपरला.’ यात रुग्णालयाचा दोष नाही, गावच तेवढं. जिथे आपला जन्म नोंदवला गेला त्याच खिडकीवर हे कसं सांगायचं? आणि आमच्याकडचे अ‍ॅपवरचे बहुतेक जण लग्न झालेले. बायको गरोदर राहिली की तिचं रक्त तपासलं जातं, आणि घरात पहिला रिपोर्ट येतो तो तिचा. बोल तिलाच लागतो. हे मी पुण्यात दोन ओळखीच्या घरांत पाहिलं आहे.

आष्टीहून फार लांब नसलेल्या जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. गावातल्याच बायकांना, त्यातल्या अनेक निरक्षर, त्यांनी आरोग्यसेविका केलं आणि ते काम जगभर गेलं. डॉक्टरला न सांगितलेलं बाया त्या सेविकेला सांगत, कारण ती त्यांच्यातली होती. आमच्यासाठी अशी आपल्यातली व्यक्ती आष्टीत कोण, असा विचार मी त्या दिवाळीत करत होतो. उत्तर गैरसोयीचं होतं. तीन किलोमीटरवर मीच होतो.

भाऊबीज झाल्यावर आम्ही नगरला गेलो. एसटीत ओळखीचे फार, म्हणून रेल्वेने. आष्टीपर्यंत रेल्वे यावी म्हणून आमच्या आज्यापासून लोक वाट बघत होते. ती सप्टेंबर २०२२ मध्ये आली. मुलगा चोवीस वर्षांचा, पदवी झालेला, शेती करणारा. मला आता तो काका म्हणत होता. केंद्रातल्या समुपदेशक बाई माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. त्यांनी दार लावून घेतलं आणि त्याला विचारलं, ‘संबंध पुरुषांशी, बायकांशी, की दोघांशी?’ अगदी ‘चहा घेणार की कॉफी’ अशा आवाजात. तो म्हणाला, ‘पुरुषांशी.’ बाईंनी लिहून घेतलं. बस, एवढंच. मी बाहेरच्या बाकावर होतो. दाराला फट होती, आणि मला उगाच डोळे पुसावे लागले.

एचआयव्हीचा संसर्ग निघाला नाही. उपदंश निघाला. इंजेक्शन मिळालं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला या म्हणून तारीख दिली. निघताना बाईंनी विचारलं, ‘ज्यांना भेटला होतात त्यांना कळवता येईल का? नाव आम्हाला नको.’

परतीच्या गाडीत त्याने ते अ‍ॅप उघडलं. तो माणूस अजून तिथे होता, टोपणनावाने. नारायणडोह गेलं तरी याचं लिहिणं-खोडणं चालूच होतं. शेवटी एवढंच लिहिलं, ‘मला इन्फेक्शन निघालं. साध्या इंजेक्शनने बरं होतं. तुम्ही तपासून घ्या, घरच्यांनाही न्या.’ पाठवण्याआधी त्याने मला वाचायला दिलं. मी एक शुद्धलेखन दुरुस्त केलं.

कडा स्टेशन येईपर्यंत उत्तर आलं नव्हतं.